आबांना वर नेलं

आबांच्या खाटेखाली एक पंप दिवसरात्र घुरघुरत असे. आबा त्याला बोका म्हणायचे. अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. हा बोका त्यांच्या गादीत हवा भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, म्हणजे पाठीचा एकच भाग दाबून राहत नसे. गादी येण्याआधी पाठीवर बटणाएवढी जखम झाली होती आणि ती भरून यायला अख्खा हिवाळा गेला होता.

घर दोन मजली, आबांनीच बांधलेलं. वर थोरला मुलगा आणि थोरली सून. खाली धाकटा मुलगा, धाकटी सून आणि आबा. बापाची वाटणी कागदावर कुणी करत नाही, पण ती होते. घर निम्मं-निम्मं झालं, मीटर दोन झाले आणि आबा अख्खेच्या अख्खे धाकटीच्या वाट्याला आले. गादी मात्र थोरल्याने घेऊन दिली होती. हत्ती घेऊन दिला की माणूस दानशूर ठरतो. चारा कोण घालतं हे कुणी विचारत नाही. बोक्याचा चारा म्हणजे वीज. महिन्याच्या पगारात आधी आबांची औषधं बसायची, मग वाण्याचं, आणि बिलाची पाळी येईपर्यंत हात रिकामे झालेले असायचे.

वायरमन आला तेव्हा धाकटी आबांना चमच्याने दूध पाजत होती. तो दारातच उभा राहिला. बरोबर त्याचा जोडीदार होता, खांद्यावर शिडी घेतलेला.

"ताई, बिल थकलंय. नोटीसही येऊन गेली असेल."

"आली होती."

"आत्ता काही भरता येईल का?"

"आत्ता भरता आलं असतं तर तुम्ही कशाला आला असतात?" धाकटी म्हणाली. तिचं बोलणं असंच होतं, सरळ आणि थोडं तिखट. पण चमचा कलला आणि दूध आबांच्या हनुवटीवर सांडलं. तिने ते पदराने पुसलं.

वायरमनने मीटरपासून वायर सोडवली, तिच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली आणि पेटीला सील लावलं. पंख्याची पाती दोन-चार फेरे घेऊन थांबली. पंपही थांबला. तो इतके महिने सलग चालला होता की बंद झाल्यावर खोली परकी वाटायला लागली.

"बोका गेला का?" आबांनी विचारलं. त्यांची जीभ थोडी जड होती, पण डोकं शाबूत होतं.

वायरमनने आत वाकून पाहिलं. खाट पाहिली, गादीच्या नळ्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. "हे आधी सांगायचं ना, ताई."

"सांगितलं असतं तर?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कापावं लागलंच असतं. पण सांगायचं तरी."

धाकटीने नळ्या दुमडल्या आणि त्यांना केसांचे रबर गच्च बांधले, म्हणजे आतली हवा आत राहील. पण गादीला दोन ठिकाणी ठिगळं होती. दुपारपर्यंत ती बसणार आणि आबांची पाठ खालच्या फळीला लागणार, हे तिला माहीत होतं. बरी झालेली जखम जिथे होती तिथलं कातडं अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं. आता तिला फक्त त्या पापुद्र्याची काळजी होती.

ती जिना चढून वर गेली. थोरली मशीनमधून कपडे काढत होती.

"जाऊबाई, खिडकीतून एक वायर खाली सोडा. फक्त पंपापुरती. पंखासुद्धा लावणार नाही."

थोरली वाईट बाई नव्हती. नवऱ्याला विचारल्याशिवाय तिने आयुष्यात एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे लग्न, आणि तेही वडिलांना विचारून. तिने ऑफिसात फोन लावला. पलीकडून थोरला बराच वेळ बोलला आणि थोरली नुसती हं-हं करत राहिली. फोन ठेवून ती म्हणाली, "हे म्हणतात, तो गुन्हा आहे. आपलंही कनेक्शन जाईल. तू त्या वायरमनलाच विचार."

वायरमन जिन्याच्या पायथ्याशी सही घ्यायला थांबला होता. त्याने मान खाली घातली. "खरं आहे, ताई. तोडलेल्या घराला दुसऱ्या मीटरवरून वायर दिली तर दोघांचीही कापतात. उद्या मलाच यावं लागेल."

धाकटी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. वर उजेड, खाली अंधार, आणि दोन्हीकडची माणसं तिच्याकडे बघत होती. तिला रडू येत होतं, पण रडण्याआधी तिला राग आला, आणि ते बरं झालं.

"म्हणजे वायर खाली देता येत नाही."

"नाही."

"आणि माणूस वर देता येतो?"

वायरमनने कान खाजवला. "माणसाबद्दल नियमात काही नाही."

"अगं, पण मला कसं जमेल?" थोरली वरून घाबरून म्हणाली. "मी कधी त्यांचं काही केलं नाही."

"मीही आईच्या पोटातून शिकून आले नव्हते," धाकटी म्हणाली आणि खाली उतरली.

चार कोपऱ्यांना चार माणसं हवी होती. वायरमन आणि त्याचा जोडीदार न सांगता पुढे झाले. नाक्यावरचा टेलर गळ्यात टेप तसाच घेऊन आला. चौथा कोपरा धाकटीने धरला. जाड चादरीत आबांना घेऊन चौघं जिना चढायला लागली. वळणावर जागा इतकी अरुंद की आबांना जवळजवळ उभं करावं लागलं.

"कुठं नेताय मला?" आबांनी विचारलं.

"वर, आबा."

"इतक्यात?"

वायरमनच्या हातातला कोपरा हसण्याने निसटता निसटता राहिला. "पहिल्या मजल्यावर हो," टेलर धापा टाकत म्हणाला.

"मग हरकत नाही. तिथं ओळखीची माणसं आहेत."

थोरलीच्या बैठकीच्या खोलीत गादी पसरली, नळ्यांचे रबर काढले, पंप लावला. बोका घुरघुरायला लागला. आबा हळूहळू वर उचलले गेले, आणि धाकटीने त्यांच्या पाठीखाली हात घालून पाहिला. कातडं शाबूत होतं. तेव्हा कुठे ती खुर्चीवर बसली.

नवऱ्याला कळवायला हवं होतं. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. संध्याकाळी घरी येऊन रिकामी खाट पाहिली असती तर त्याच्या काळजाचं पाणी झालं असतं. तिच्या फोनची बॅटरी संपली होती. "काका, कारखान्यात एक फोन करा," ती टेलरला म्हणाली. "सांगा, आबांना वर नेलंय."

टेलरने तेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. पण फोन मालकांनी उचलला. एखाद्याच्या अंथरुणाला खिळलेल्या बापाला वर नेलं म्हटल्यावर शहाण्या माणसाला जे कळायचं तेच मालकांना कळलं.

थोड्या वेळाने धाकटी औषधांचा डबा घ्यायला खाली आली, तर दार उघडं. अंधाऱ्या खोलीत नवरा खाटेच्या उघड्या फळ्यांवर डोकं टेकून बसला होता. दारात मालक उभे होते, हातात फुलं.

"शेवटी काही बोलले का?" नवऱ्याने मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"आबा."

"बोलले ना. जाऊबाईंना म्हणाले, चहात साखर कमी आहे."

नवऱ्याने वर पाहिलं. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असंच त्याला वाटलं असणार. तेवढ्यात वरच्या खिडकीतून जड, ओळखीचा आवाज आला, "सूनबाई, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येतेय." नवरा उठायला गेला, पण त्याला उठता आलं नाही. तो फळ्यांना धरून हुंदके देऊन रडला. बाप गेला असं वाटलं तेव्हाही तो इतका रडला नव्हता. धाकटीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

मग त्याने खिशातून एक पाकीट काढलं. कारखान्यात बातमी कळताच मालकांनी ते त्याच्या हातात ठेवलं होतं आणि स्वतःच्या गाडीतून त्याला घरी आणलं होतं. याच मालकांकडे पंधरवड्यापूर्वी त्याने बिलासाठी उचल मागितली होती. तेव्हा धंदा मंदा होता.

"मालक, हे परत घ्या. गैरसमज झाला," तो म्हणाला.

"बरं झालं, बरं झालं. म्हातारा आहे, आनंद आहे," मालक म्हणाले आणि पाकीट खिशात सरकवलं.

धाकटी दारात आडवी उभी राहिली. "आबा गेले असते तर हे पैसे तुम्ही दिलेच होते."

"हो, पण ते दुःखाचं—"

"मग ते जिवंत आहेत म्हणून परत नेताय का?"

नवरा तिला गप्प करायला पुढे झाला, पण थांबला. मालक फुलांकडे बघत राहिले. ते कंजूष होते, पण निर्लज्ज नव्हते. असे लोक जास्त अडचणीत येतात. शेवटी त्यांनी पाकीट पुन्हा बाहेर काढलं. "ठीक आहे. पण पगारातून कापून घेईन. धंद्याला हिशोब लागतो."

गेलेल्या आबांना जे फुकट होतं ते जिवंत आबांना उधार मिळालं. धाकटीला ते झोंबलं. तरी तिने पाकीट घेतलं, कारण आबांच्या पाठीला मानापमान कळत नव्हता. मालकांना फुलांचं काय करावं सुचेना. त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गेले. नवरा तसाच बिल भरायला गेला.

ती वर आली. थोरलीने पडदा ओढला होता आणि ती भिंतीला टेकून उभी होती. खिडकी उघडी असल्यामुळे खालचं सगळं वर ऐकू आलं होतं. आबांचे डोळे छताकडे होते.

"सूनबाई, मी आज खरंच गेलो असतो, तर ते पैसे कापले नसते."

ते नेहमी थट्टा करायचे तसंच म्हणाले होते, पण थट्टा नव्हती ती. आपल्या श्वासाचा भाव त्यांनी ऐकला होता. तीन वर्षं धाकटीने त्यांचं सगळं केलं होतं, पण हे दुखणं कुठल्या कुशीवर वळवावं हे तिला येत नव्हतं.

"जायचं तेव्हा जा, आबा," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "पण लाईटच्या बिलापायी नका जाऊ. मला ते सोसायचं नाही."

आबांचा चालता हात चादरीवरून सरकत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

मग थोरलीने बांगड्या वर सारल्या आणि ती गादीजवळ आली. "त्यांची कूस बदलायची वेळ झाली असेल ना? कुठल्या बाजूला?"

"डाव्या," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आणि हात खांद्याखाली घाला. दंडाला धरून ओढू नका."