पाठुंगळी

एस्नातीने मका पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि चटईशी वाकून पाहिलं. आंब्याच्या सावलीत तिची आई डोरिका कुशीवर गाढ झोपली होती आणि तिचा उजवा हात खुशाल मागे, पाठीवर, पार वरपर्यंत गेला होता. तोच हात! पूर आल्यापासून तो कमरेच्या मागे म्हणून जात नव्हता. जरा मागे ओढला की म्हातारी कळवळायची.

एस्नातीने हाक मारली तशी डोरिका दचकली. हात पुढे घेताना तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एस्नातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात सुकी मासळी विकायला तिला परत जायचं होतं. तिच्या तान्ह्या मुलीला, ताडाला, पाठीला बांधणार कोण? आजीच ना? पण पोर बांधायचं तर दोन्ही हात मागे जायला हवेत, आणि आजीचा खांदा आखडलेला.

"झोपेचं सोंग घेणारी माणसं पाहिली होती," ती म्हणाली. "दुखण्याचं सोंग झोपेत उतरलेलं आजच पाहिलं."

पोरं पाठीला बांधायचं चितेंजेचं कापड डोरिकाने अंगावर पदरासारखं सावरलं, डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी एस्नाती तिला जवळजवळ ओढतच तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कालुवा नावाचे गृहस्थ आखडलेले सांधे सोडवायला शिकवत. त्यांनी खांदा चाचपला, फोटो पाहिला आणि हाड धड आहे म्हणाले. तेव्हा एस्नातीने झोपेतली गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगून टाकली.

"सोंग नाही बाई ते," कालुवा म्हणाले. "दुखतं ते खरंच दुखतं. एकदा घात झाला की मेंदू ती जागा राखत बसतो. हात मागे निघाला की कळ उठवतो, स्नायू आवळतो. झोपेत त्याचा पहारा सैल पडतो, एवढंच." मग ते डोरिकाकडे वळले. "आजी, हात मागे असताना काय झालं होतं?"

डोरिका खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी एस्नातीनेच सांगितलं. शिरे नदी गावात शिरली तेव्हा तिचा थोरला, यामिकानी, आजीच्या पाठुंगळी होता. छातीभर पाण्यात आजीने एका हाताने झाड धरलं, दुसऱ्या हाताने मागे पोराला धरलं. चितेंजेची गाठ सुटली, पोर वाहून गेलं. हे सगळं तिने बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

जबरदस्ती करू नका, कालुवांनी बजावलं. दुखेल त्याच्या अलीकडे थांबा, आता भीती नाही हे त्या खांद्याला सावकाश पटू द्या. आधी नुसता हात, मग उशी, मग पिठाची पिशवी.

एस्नातीला आपल्या बोलण्याची लाज वाटली. तिने आईची मनापासून सेवा केली. सकाळी पाणी तापवून खांदा शेकायची, थट्टा करायची, पिठाच्या पिशवीला अंगाई म्हणायची. डोरिका कित्येक दिवसांनी हसली. पावसाळा सरून मका कापणीला आला तोवर पिशवी पाठीवर नीट बसू लागली.

आणि एका सकाळी डोरिका आपणहून म्हणाली, "आण तिला."

ती अंगणात वाकली. दोन्ही हात मागे गेले, अगदी सहज. चेहऱ्यावर कळ नव्हती. एस्नातीने ताडाला तिच्या पाठीवर ठेवलं, वरून चितेंजे टाकलं. पोर आजीच्या पाठीला गाल लावून शांत पडलं.

"धरलं गं मी. सोड आता."

"सोडते."

पण एस्नातीचे हात पोराच्या काखेतून निघेनात. तिने मनाशी म्हटलं, सोड. बोटं आणखीच आवळली, मनगटापासून खांद्यापर्यंत हात ताठ झाला. यामिकानी गेला त्याचा दोष आईला द्यावा असं ती आजवर एकदाही बोलली नव्हती. पुरानंतर सांत्वनाला आलेल्या बायकांपुढेही नाही, नवऱ्यापुढेही नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

डोरिका वाकलेलीच राहिली, बराच वेळ. मग तिने मागचे दोन्ही हात हळूच पुढे घेतले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"घे उचलून," ती मान न वळवता म्हणाली. "मला कळतं गं."

एस्नातीने पोर उचललं.