यशोदाचा पाट

गाडी उंच करायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. असं मी आता गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो आणि गिऱ्हाईक हसतं. हसणारच. बावीस वर्षं अंबडच्या एमआयडीसीत मी दुसरं केलंय काय? एसयूव्ही असो की पिकअप, चार इंच वर उचलायची, रुंद टायर टाकायचे, पुढे लोखंडी बंपर. घोटीपासून देवळ्यापर्यंत एखादी गाडी बाकीच्यांच्या टपावरून बघत उभी दिसली, की तिला मल्हारीचा हात लागलाय असं खुशाल समजा.

परवा सार्थक आला. घोटीचा पोरगा, घरची भाताची गिरणी. नवीकोरी मोठी एसयूव्ही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सोबत त्याची आई, साळूबाई. दोघं त्र्यंबकला गाडीची पूजा करून आले होते, बंपरला झेंडूचा हार तसाच होता.

"काका, चार इंच उचला. टायर तुम्ही म्हणाल ते," सार्थक म्हणाला.

मी विचारलं, "घरात गुडघे कोणाचे दुखतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असणार, म्हातारा सटकला. पण हा प्रश्न मी दीड वर्षापासून सगळ्यांना विचारतो. त्याआधी विचारायला हवा होता, तेव्हा अक्कल गहाण पडली होती.

माझी स्वतःची डबल कॅबिन पिकअप आहे. गंगापूर रोडच्या एका बिल्डरकडून जुनी घेतली आणि सहा वर्षं तिच्यामागे लागलो. आधी चार इंच, मग अजून दोन. टायर असे, की शेजारी उभं राहिलं तर माझ्या कमरेला लागतात. माझी बायको यशोदा म्हणायची, "सवत आणली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडू?"

यशोदाचे गुडघे चाळिशीतच गेले होते. गाडी उंच झाली तशी तिला चढता येईना. तिने माझ्याशी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातला पाट आणला. लग्नात तिच्या आईने दिलेला, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं. दाराखाली पाट ठेवायची, त्याच्यावर पाय देऊन वर चढायची, मग वाकून पाट आत ओढून घ्यायची आणि मागच्या सीटखाली सरकवून द्यायची. उतरताना उलटं.

आणि मला लाज वाटायची. खरं सांगतो. गॅरेजवर चार पोरं माझ्या गाडीचे फोटो काढतायत आणि ही खाली पाट मांडतेय. एकदा एकजण म्हणाला, "काका, आता रांगोळी पण काढा." सगळे हसले. घरी येऊन मी तिच्यावरच ओरडलो.

"मग दाराखाली एक पायरी लावून द्या ना," ती म्हणाली. "लोकांच्या गाड्यांना लावता की."

"पायरी लावली की गाडीची शान जाते. डोंगरात दगडाला घासते."

"तुम्ही डोंगरात जाता कधी?"

वर्षातून एकदा अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जायचो, भेळ खाऊन परत. अख्ख्या जिल्ह्याला पायऱ्या लावून दिल्या आणि घरच्या बाईला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एक दिवस गॅरेजवर एक जड एसयूव्ही जॅकवर घ्यायची होती. जॅक पुरेना. खाली द्यायला लाकडाचा ठोकळा लागतो, तो काही सापडेना. मी माझ्या गाडीच्या सीटखालून पाट काढला आणि जॅकखाली दिला. कामाच्या माणसाला काम दिसतं, दुसरं काही दिसत नाही. गाडी वर गेली आणि पाट कडकन मधोमध फुटला. मी तो भंगारात भिरकावला.

यशोदाने दोनदा विचारलं, पाट कुठं गेला. म्हटलं, दुसरा आणून देतो. दुसऱ्या पाटाला काय लागतं? भद्रकालीत चक्कर मारली असती तर दहा मिनिटांचं काम. ते मी चार महिने केलं नाही.

तिने विचारणंही सोडलं. कुठे जायचं म्हटलं की म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं. मी आपली रिक्षाने येते." देवळ्याला तिच्या भावाच्या, वाळूच्या मुलीचं लग्न होतं. मी गेलो पिकअप घेऊन, एकटा. मांडवापुढे गाडी लावली, सगळी पोरं गोळा झाली, नवरदेवाने बॉनेटवर हात ठेवून फोटो काढला. मी असा फुगलो होतो. तासाभराने यशोदा आली एसटीने, हातात आहेराची पिशवी, गुडघा धरत. वाळूने मला नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, तिला एसटीच बरी वाटते.

लोकांना असं सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मंगळवार, सकाळचे नऊ. यशोदा मेथी निवडत बसली होती. म्हणाली, डावा हात जड झालाय. बघता बघता पदर घामाने भिजला. मी पळत जाऊन पिकअप दाराशी लावली. पुढचं दार उघडलं. सीट तिच्या छातीला लागत होती. तिने पाय उचलला, तो अर्ध्यातून खाली आला. मी मागून उचलायला गेलो तर माझीच कंबर धरली. बावीस वर्षं गाड्या उचलल्या आणि त्या दिवशी बायको उचलता आली नाही.

ती दाराला टेकली आणि हळूच म्हणाली, "अहो, पाट आणा."

आणि मी पळालो. आत स्वयंपाकघरात गेलो, ओट्याखाली बघितलं, देव्हाऱ्यापुढे बघितलं, कॉटखाली वाकून बघितलं. पाट शोधत होतो मी. मग आठवलं.

प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते तिच्या वजनाने कलंडलं आणि ती खाली बसली. शेवटी शेजारच्या संतोषने रिक्षा आणली. रिक्षात ती आपली आपण बसली, कोणाचा हातसुद्धा धरावा लागला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, किती सोपं." दवाखाना दोन सिग्नल राहिला असताना तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, काही सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नसेल, मला येतं.

तेराव्यानंतर मी भंगाराचा ढीग उपसला. पाटाचे दोन्ही तुकडे मिळाले. खालून लोखंडी पट्टी लावून, बोल्ट आवळून जोडून घेतले. तेव्हापासून तो पाट गॅरेजच्या दारात असतो. पिकअपही तिथेच, तेवढीच उंच. खाली उतरवायला माझा हात होत नाही.

सार्थकला मी म्हटलं, "आधी आईला माझ्या गाडीत बसव. तुझी अशीच होणार."

साळूबाईंनी चपला काढल्या, दांडा धरला, एक पाय उचलला. जमेना. दुसऱ्यांदाही जमेना. लेकाकडे बघून हसल्या. "राहू दे रे बाबा. तू कर तुझ्या हौसेनं. नवी गाडी हाय. मी आपली रिक्षानं येत जाईन."

सार्थक म्हणाला, "बघा, आईचं काहीच नाय." आणि मोबाईलवर टायरचे फोटो दाखवायला लागला.

मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती मला कोणी ठेवून दिली होती? मी दारातला पाट आणला आणि साळूबाईंच्या पायापुढे ठेवला. त्यांनी एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. काचेतून लांबवर बघितलं. चेहरा एकदम खुलला त्यांचा. मग खाली वाकून पाटाकडे बघायला लागल्या.

"चांगला सागवानी हाय की. फुटला व्हता वाटतं. बाईंचा का?"

"हो."

"मग त्या आता कशावर चढत्यात?"

सार्थकचं बोट मोबाईलवर थांबलं. मी दाराची मूठ धरून उभा होतो.

"ती रिक्षाने गेली," मी म्हणालो.