प्रार्थनेआधी कापलेला पाव

१८७४च्या हिवाळ्यात रन्सविक या आमच्या कोळीगावातल्या चॅपलला नवे पाद्री आले. त्यांची बायको, मिसेस डिन्सडेल, बुधवारी दुपारी आम्हा कोळणींना बायबल शिकवायची. एकदा तिनं लंडनहून आलेलं छापील चित्र बाकावर उभं केलं. कोळ्याचं घर. जेवणाआधी बाप डोळे मिटून प्रार्थना म्हणतोय, दोन मुलींनी हात जोडलेत, आईची मान खाली. एक खुर्ची रिकामी.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"बुडालेल्या पोराची," तिघी एकदम म्हणाल्या. आम्हाला दुसरं काय सुचणार!

"प्रभूची. तो प्रत्येक जेवणाला हजर असतो."

माझी शेजारीण केझाया मागच्या बाकावर विणत बसली होती. ती उठून चित्रापाशी गेली.

"पाव कापलाय, बाईसाहेब."

"मग?"

"प्रार्थनेआधी पावाला सुरी लावत नाहीत. कुणीतरी तुकडा घेऊन उठून गेलंय. बापाशी भांडून."

"अगं, चित्रकाराला काय कळतंय कोळ्याच्या घरातलं!" आमच्यातली डॉर्कस म्हणाली. कुणी हसलं नाही.

केझायाचा मुलगा जेबेझ तीन वर्षांपूर्वी हार्टलपूल बंदरात गेला होता. कामासाठी, असं त्याचा बाप एझ्रा सांगायचा. एझ्रा चॅपलमध्ये उपदेश करायचा, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नव्हतं.

"आमचा असाच गेला," केझाया म्हणाली. "'देवाचं नाव घ्यायचं नसेल तर माझ्या घरचं मीठ खाऊ नकोस,' म्हणाले हे."

"मग त्याला पत्र का नाही लिहिलंत?" मिसेस डिन्सडेलनं विचारलं.

"लिहिता आलं असतं तर चित्रं कशाला वाचत बसले असते?"

मिसेस डिन्सडेलनं वर्ग तिथंच सोडला आणि केझाया सांगेल तसं पत्र लिहून दिलं.

उत्तर पंधरवड्यानं आलं, ते नेमकं एझ्राच्या हातात. मी तेव्हा त्यांच्याच दारात मासे साफ करत होते. त्यानं पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्या केझायाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. जेबेझनं लग्न केलं होतं, मुलगी झाली होती, आईनं यावं असं लिहिलं होतं. बापाचं नाव कुठंच नव्हतं. पत्र टेबलावर ठेवून एझ्रा होडीकडे निघून गेला.

मे महिन्यात केझाया निघाली. एझ्रानं तिचं गाठोडं चढणीवरच्या घोडागाडीपर्यंत आणून दिलं.

"तुम्हीपण चला की," ती म्हणाली.

"मला बोलावलेलं नाही," तो म्हणाला, आणि गाडी सुटायच्या आत वळून खाली उतरायला लागला.