पाचापैकी किती?

तिने कानावरचा हेडफोन नीट केला, नंबर फिरवला आणि ओठांवर आलेलं "दादा" गिळून टाकलं.

"नमस्कार. हवामान धोरण सर्वेक्षण. आपली पाच मिनिटं मिळतील का?"

"मिळतील की, बाई. तुमच्यासाठी वर्षभर राखूनच ठेवतो." पलीकडचा आवाज खवचट होता.

तो तिचा सख्खा थोरला भाऊ. कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला. कोळशावर कर बसला तेव्हा जेवताना ती म्हणाली होती, "बसायलाच हवा." तो भरल्या ताटावरून उठला, तो उठलाच. पण सर्वेक्षणाच्या यादीत नेमका तोच निघाला, आणि तिथे दरवर्षी त्याच माणसांना तोच प्रश्न विचारायची रीत. त्यामुळे गेली नऊ वर्षं बहीणभाऊ वर्षातून पाच मिनिटं अहो-जाहो करत बोलायचे.

तिच्यासमोर भिंतभर जगाचा नकाशा होता. पाठिंबा हिरवा, विरोध तांबडा. टक लावून बसलं की रंग चालायला लागतात, असं ती शपथेवर सांगे. जिथे या करासाठी मिरवणुका निघाल्या, तो देश पेट्रोल महागताच जेवणाच्या सुट्टीत तांबडा झाला. शेजारी, जिथे लोकांनी मंत्र्याच्या गाडीवर दगड मारले होते, तिथे पूर ओसरला आणि हिरवा रंग शेवाळासारखा हळूच चढत गेला. सरहद्दीवर तर दोन्ही रंग घटकाभर टेकून गप्पा मारतात म्हणे. भाऊ मात्र तांबड्याचा तांबडा.

आणि दहा वर्षं एकच उत्तर देणाऱ्याचं नाव यादीतून उडतं. हे दहावं वर्ष. त्याला तसं सांगायची सोय नाही; प्रश्न शब्दशः वाचायचा, बस्स.

"कोळशावरच्या कराला आपला पाठिंबा किती? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण."

सवयीने तिची पेन्सिल एकावर टक्कन टेकलीसुद्धा.

"ती पेन्सिल उचला आधी," तो म्हणाला. "माणसाला बोलू तरी द्या. दोन."

"दोन?" तिचा आवाज चिरकला. "नक्की ना?"

"का? तुमच्या कागदावर दोन नाही?"

"आहे, आहे. उत्तर बदललं तर... कारण लिहावं लागतं."

तिने पेन्सिल कारणाच्या रकान्यावर नेली.

"कारण लांबलचक आहे हो, बाई. पाच मिनिटांत कुठलं मावतंय? असं करा, पुढच्या वर्षी विचारा."