माल्सूनचं तोंड

माल्सून गेली तेव्हा गिल्जाला आधी राग आला, रडू नंतर. चित्रातला फक्त डावा कान राहिला होता. "कान होईपर्यंत तरी थांबायचंस! कसली मेलीला घाई!" असं करवादत तिनं आठवणीनंच कान काढला आणि चित्र चादरीत गुंडाळून टॅक्सी गाठली.

कोरियातल्या जेजू शहरात सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात गिल्जाचा उभा जन्म गेला होता. सुरकुतलेल्या नट्यांना गोऱ्यापान करून करून तिला वीट आला होता. म्हणून लहानपणापासूनच्या मैत्रिणीला तिनं आहे तश्शी काढली. साठ वर्षं समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शंख काढणाऱ्या बाईचं तोंड ते. कपाळावर पाणचष्म्याचा कायमचा वळ, करपलेले गाल, हनुवटीवर चामखीळ आणि चामखिळीवर एक उद्धट केस. एक केस चुकला तरी तो माणूस तो नव्हेच, असं जुने चित्रकार म्हणत. गिल्जानं तोही चुकवला नव्हता.

"केस केवढा काढलायस गं!" समोर बसलेली माल्सून कुरकुरायची.

"आहेच तेवढा. मोजून दाखवू?"

"आधी स्वतःचं नाक मोज." मग एकदम गंभीर व्हायची. "मी मेले की हेच लावायचं. पोरगा सोलहून काहीतरी गोरंगोमटं घेऊन येईल. त्याचं ऐकायचं नाही. शब्द दे."

गिल्जानं शब्द दिला होता. आज तो पाळायचा होता.

अंत्यविधीच्या एक नंबरच्या हॉलमध्ये पांढऱ्या शेवंतीत आधीच एक फोटो लागलेला. फोटोवाल्यानं मानेखाली गुलाबी रेशमी पोशाख चिकटवला होता आणि वर तांदळाच्या वडीसारखा गुळगुळीत चेहरा.

"ही कोण बया?" गिल्जा म्हणाली.

"मावशी, आईच आहे ती." माल्सूनचा मुलगा सोंगह्वान काळ्या सुटात घामाघूम झाला होता. "माझ्या ऑफिसचे लोक येणार आहेत. जन्मभर कष्ट उपसले तिनं. निदान आज तरी चार बायकांसारखी दिसू दे."

"मग आजवर काय बोकडासारखी दिसत होती? अरे, चेहरा बघून आत्मा पुढ्यात मांडलेलं ताट जेवायला येतो. ही लावलीस तर भलतीच कुणीतरी येऊन ताट चाटूनपुसून जाईल!"

"मावशी, हळू बोला ना. ते चित्र तिकडे चपलांच्या कपाटाशी ठेवा."

पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर दोन थोबाडीत देता आल्या असत्या. गिल्जा कपाटाशी चित्र धरून, तोंड फुगवून बसली.

दहाला गावच्या आठ पाणबुड्या बायका येणार होत्या. अकरा वाजले तरी एकीचा पत्ता नाही. तेवढ्यात शेजारच्या दोन नंबरच्या हॉलमधून असा काही हंबरडा आला की गिल्जा दचकलीच. तो पाणबुड्यांतल्या म्हाताऱ्या चुनबोकचा आवाज, भर लाटांतही किनाऱ्यावर ऐकू येणारा. गिल्जा धावली, मागोमाग सोंगह्वान.

आठही म्हाताऱ्या एका सावळ्या, रुंद तोंडाच्या फोटोपुढे यथासांग रडून घेऊन आता भेटायला येणाऱ्यांना वाढतात ते सूप भुरकत बसल्या होत्या. त्या घरची माणसं चक्रावली होती, पण इतकं मनापासून रडणाऱ्यांना हाकलणार कोण?

"चुनबोक! ही कोण आहे ठाऊक आहे का?"

"माल्सून. जरा सुजलीय, एवढंच."

"ही संत्र्यांच्या बागेची मालकीण आहे! बाहेर पाटी आहे ना!"

"पाटी वाचायला चष्मा कुणी आणलाय?" चुनबोकनं चमचा खाली ठेवला. "तरीच म्हटलं, माल्सूनकडचं सूप इतकं चवदार कसं! आम्ही आधी एक नंबरातच डोकावलो होतो, पण तिथं कुणी सिनेमातली बाई होती."

सोंगह्वानचे कान लाल झाले. ज्यांच्याबरोबर आई रोज पाण्यात उतरली, त्यांनीच तिला ओळखलं नव्हतं.

परत येऊन त्यानं स्वतःच चित्रावरची चादर काढली. मग त्याचं बोट भुवईवरच्या पांढऱ्या व्रणाशी थांबलं.

"फोटोवाल्याला हा सगळ्यात आधी पुसायला सांगितला मी. कशाचा आहे, आई कधी बोललीच नाही."

"तुझी आजी समुद्रात गेली ती परत आलीच नाही, माहीत आहे ना? माल्सून तेव्हा नऊ वर्षांची. त्याच सकाळी हट्टाला पेटली, मीपण येणार. आजीनं भीती घालायला शेवाळ कापायचा कोयता भिरकावला, तो लागला. आजीनं रक्त पुसलं, चिंधी बांधली आणि गेली." गिल्जानं चित्र त्याच्या आणखी जवळ सरकवलं. "माल्सून म्हणायची, 'आता मी ही अशी थेरडी. आई मला कशावरून ओळखणार? तिच्या हातचं एवढंच आहे माझ्या तोंडावर.'"

सोंगह्वाननं फोटो उतरवला, चित्र लावलं आणि ऑफिसच्या लोकांदेखत लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला. आठ म्हाताऱ्यांनी भरल्या पोटी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

गिल्जाच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं पुढे होऊन तिरकी झालेली चौकट सरळ केली.

"जा आता बये," ती म्हणाली, "आई ताटकळलीय. अजून उशीर केलास तर दुसरा कोयता फेकेल."