सोमवारचं पाणी

अमेरिकेतल्या कॉर्लिस गावात कुत्र्यांचे लाड कुणी करावेत आणि कुणी करू नयेत हा प्रश्नच उरला नव्हता. सगळेच करत होते. बँकेच्या खिडकीत माणसाला पावती मिळे आणि कुत्र्याला बिस्कीट. कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्च्यांवर कुत्री ऐसपैस बसत आणि त्यांचे मालक उभ्याउभ्या कप रिकामे करत. नावांची तर पार उलथापालथ झाली होती. कुत्र्यांची नावं वॉल्टर, जेराल्ड, हेन्रिएटा अशी पोक्त, आणि त्यांना फिरवणाऱ्या तरुण मंडळींची नावं अशी, की हाक मारली तर एखादं कुत्रंच धावत यावं.

व्हर्नेल पेटिफोर्ड या सगळ्याला हसायची. पण खरं तर हसायचा तिला फारसा हक्क नव्हता. ऐंशीला टेकलेली ही बाई सकाळी उठून आधी कुत्र्यासाठी अंडं परतायची आणि मग स्वतःसाठी. गाडीत पुढची जागा त्याची असायची. पावसाळी दिवसांसाठी त्याला रेनकोटही होता. ‘माझ्या नवऱ्याला बिचाऱ्याला जन्मभर छत्री पुरली,’ असं ती स्वतःच सांगायची. कुत्र्याचं नाव डीकन. चर्चचे कारभारी डीकन प्रवचनाच्या वेळी ज्या गंभीर चेहऱ्यानं डुलक्या काढतात, तोच चेहरा या लांब कानांच्या पिवळट कुत्र्याला जन्मजात लाभला होता.

अशा या डीकनला गावच्या पोहण्याच्या तलावात पहिली उडी मारण्याचा मान मिळाला, म्हणून व्हर्नेलची नात केटुरा नाचत घरी आली.

केटुरा त्याच उन्हाळ्यात तलावाची व्यवस्थापक झाली होती. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली काळी मुलगी. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला होता आणि व्हर्नेलनं तो फ्रिजवर चिकटवला होता. आता सप्टेंबर उजाडला होता. तिकडे सप्टेंबरातच येणाऱ्या कामगार दिनाच्या सुट्टीनंतर तलाव हंगामापुरता बंद व्हायचा, पाणी सोडून द्यायचे. त्याआधीचा शेवटचा एक दिवस कुत्र्यांना द्यायचा, अशी केटुराची कल्पना. आजूबाजूच्या गावांतून हे चालतंच. कॉर्लिसमध्ये पहिल्यांदाच होणार होतं.

“माणसांनी फक्त गुडघ्यापर्यंत उतरायचं. पोहायचं फक्त कुत्र्यांनी,” केटुरा हातवारे करत सांगत होती. “लाइफ जॅकेटं, आइस्क्रीम, सगळं त्यांच्यासाठी. आणि पहिली उडी डीकनची. दोरी तुझ्या हातात. पेपरवाले येणारेत, आजी.”

“डीकन आंघोळीला टाळाटाळ करतो, तो उडी कसली मारतोय!”

“मारेल गं. तू काठावर असलीस की मारेल.”

“मला पाण्याची भीती वाटते, माहितीये ना तुला?”

“तुला उतरायला कोण सांगतंय? नुसती उभी राहा. माझ्यासाठी!”

त्या ‘माझ्यासाठी’पुढे व्हर्नेलचं काही चालत नसे. ती हो म्हणाली, आणि केटुरा गेल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली.

पाण्याची भीती हे तिनं सांगून सांगून खरं केलेलं खोटं होतं. व्हर्नेल लहान होती तेव्हा याच तलावात तिनं डुंबून घेतलं होतं, पण फक्त सोमवारी. मंगळवारपासून रविवारपर्यंत तलाव गोऱ्यांचा. आठवडाभर त्यांनी घुसळलेल्या, पानं आणि केस तरंगणाऱ्या पाण्यात सोमवारी ओढ्याकाठच्या वस्तीतल्या काळ्या पोरांना सोडायचे. संध्याकाळी पोरं बाहेर पडली की झडपांची चाकं फिरवून सगळं पाणी ओढ्यात सोडून द्यायचे, तळ घासायचे आणि रातोरात नवं पाणी भरायचे. वस्तीतली पोरं ओल्या डोक्यानं ओढ्याकाठी बसून आपल्या अंगावरून आलेलं पाणी वाहून जाताना बघायची. आपल्यानंतर पाणी टाकून द्यावं लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे कायदा बदलला, तलाव सगळ्यांना खुला ठेवणं भाग पडलं. तेव्हा गावानं दुरुस्तीचं निमित्त करून तलावच कितीतरी वर्षं बंद ठेवला. पुन्हा उघडला तेव्हा व्हर्नेलच्या पदरी एक मुलगी होती. मुलीला तिनं तिथं पोहायला घातलं, नातीलाही घातलं. स्वतः मात्र कुंपणाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. कुणी बोलावलं की म्हणायची, नको बाई, मला पाण्याची भीती वाटते. मुलीपाशी किंवा नातीपाशी सोमवारचा विषय तिनं कधी काढला नाही. याबाबतीत तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

आणि आता तिच्या लाडक्या नातीनं, काही ठाऊक नसताना, शेवटच्या पाण्याचा तो दिवस कुत्र्यांना देऊन टाकला होता. सांगावं तर पोरीच्या आनंदावर विरजण पडणार. न सांगावं तर त्या काठावर दोरी धरून हसत फोटो काढून घ्यावा लागणार.

त्या दिवशी तलावावर जत्रा भरली होती. कुत्र्यांना गॉगल होते, पट्टेरी पोहण्याचे कपडे होते. आरामखुर्च्यांवर टॉवेल पसरून त्यांना निजवलं होतं. “ये, आईकडे ये!” अशा हाका चारी बाजूंनी येत होत्या, आणि त्या आयांपैकी निम्म्यांना मूल नव्हतं. व्हर्नेलला एरवी या सगळ्याची मौज वाटली असती. आज ती डीकनची दोरी मनगटाला गुंडाळून गप्प उभी होती.

उद्यान समितीचे प्रमुख डेल ऑस्टरमन आपल्या हेन्रिएटाला कडेवर घेऊन आले. माणूस मोठा गोड आणि बोलघेवडा. “मिस व्हर्नेल, तुमच्या नातीनं कमाल केली हो! आमच्या समितीत दोघंतिघं नाकं मुरडत होती. कुत्र्यांचे केस, कुत्र्यांची घाण, काय न् काय. मी म्हटलं, अहो, रात्री पाणी सोडूनच द्यायचंय, मग कुणी का उतरेना, काय बिघडतं?”

डेल त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. हे वाक्य या काठावर आधी कुणी कुणाबद्दल म्हटलं होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते हसत होते आणि हेन्रिएटा त्यांची हनुवटी चाटत होती.

“आजी, चल!” केटुरानं कर्ण्यातून हाक दिली. “कॉर्लिसचा पहिला पोहणारा, डीकन पेटिफोर्ड!”

टाळ्या झाल्या. पेपरवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. डीकन काठापर्यंत गेला, त्यानं पाणी हुंगलं आणि तिथंच बसकण मारली. लोक हसले. मग टाळ्यांचा ठेका धरून “डी-कन! डी-कन!” सुरू झालं. व्हर्नेलनं खाली वाकून त्याची दोरी सोडली आणि ती सरळ फाटकाकडे चालू लागली. डीकन उठून तिच्या मागे निघाला.

केटुरानं कर्णा डेलच्या हातात कोंबला आणि ती धावली. आजी बाहेरच्या तिच्या नेहमीच्या बाकावर बसलेली सापडली.

“काय झालं? चक्कर आली का? कुणी काही बोललं का?”

“कुणी काही बोललं नाही. जा तू, लोक खोळंबलेत.”

“लोक गेले खड्ड्यात. तू सांग.”

मग व्हर्नेलनं सांगितलं. सोमवार सांगितला, ओढा सांगितला. केटुराचा चेहरा उतरत गेला. पण व्हर्नेल तिथं थांबली नाही. इतकी वर्षं अडवलेलं आता थांबेना.

“एकदा मी मंगळवारी आले,” ती म्हणाली. “चुकून नाही हं, मुद्दाम. वाटलं, दारात उभी राहिले तर घेतील आत. खिडकीतली बाई मोठ्या मायेनं म्हणाली, ‘बाळ, तुमचा दिवस काल झाला.’ त्या मायेचाच जास्त राग आला मला. मग इथं कुंपणाला नाक लावून उभी राहिले. तेवढ्यात कुणाचं तरी कुत्रं, तपकिरी होतं, मालकाच्या हातून सुटलं आणि धप्पकन पाण्यात. सगळे हसले. पोरांनी त्याच्याबरोबर खेळून घेतलं. मग जीवरक्षकानं त्याला उचलून बाहेर काढलं, टॉवेलनं पुसलं. मी संध्याकाळपर्यंत उभी होते, केटुरा. पाणी सोडतात का ते बघत.”

“सोडलं?”

“नाही सोडलं.”

आतून कुत्र्यांच्या उड्या आणि माणसांचं कौतुक ऐकू येत होतं. केटुरा रडू लागली. “आणि मी तोच दिवस... बंद करते मी हे. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना घरी पाठवते.”

“का? कुत्र्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं?” व्हर्नेल तडकली. “त्या वेळच्या कुत्र्यावरही माझा राग नव्हता. पोहू दे त्यांना. डीकनला नको असेल तर ते त्याचं त्यानं बघावं.”

“मग आजवर सांगितलं का नाहीस? आईला तरी?”

“तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं या पाण्यात पाऊल टाकलं नसतं. तिनं टाकलं नसतं तर तू कुठून पोहायला शिकली असतीस? तुम्ही दोघी आत असायचात आणि मी इथं बसून बघायचे. पुरायचं मला तेवढं.” मग ती म्हणाली, “पुरायचं कुठलं! खोटं बोलतेय मी.”

केटुरानं डोळे पुसले. “तुला काय हवंय, आजी?”

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं. “मला मंगळवारचं पाणी हवंय.”

मे महिन्यात तलाव पुन्हा भरायचा होता. तोवरचा हिवाळा व्हर्नेलला फार लांब वाटला. कंबर धरली, खोकला झाला, आणि दर खोकल्याला तिच्या मनात येई, आता मे काही आपल्याला दिसत नाही. एप्रिलमध्ये ती पोहण्याचा पोशाख आणायला गेली. दुकानात कुत्र्यांच्या पोशाखांची अख्खी भिंत होती, रंगीबेरंगी. तिच्या वयाच्या बाईसाठी एक भुरकट झबलं टांगलेलं होतं. “कुत्र्याचाच माझ्या मापाचा नाही का?” असं विचारून तिनं विक्रेत्या मुलीला लाजवलं आणि तरुण बायकांच्या बाजूचा लाल पोशाख घेतला.

केटुरानं मनात बेत योजला होता. उघडायच्या आदल्या दिवशी, तलाव भरल्या भरल्या, पहाटे फाटक उघडायचं आणि आजीला एकटीला उतरवायचं. कुणी नसेल, पाणी आरशासारखं असेल, काठावर फुलं ठेवायची. तिनं तो आजीला सांगितला.

व्हर्नेलनं ऐकून घेतलं. “चांगलं आहे गं,” ती म्हणाली. “पण एकटीला नको. एकटे तर आम्ही सोमवारीही होतो.”

म्हणून उघडण्याच्या दिवशी ती चारचौघांसारखी रांगेत उभी राहिली. डीकनला घरी ठेवलं होतं. हंगामात कुत्र्यांना मनाई. लाल पोशाखावर सुती झगा चढवलेला आणि काखेत टॉवेल. खिडकीशी पोचल्यावर तिनं पैसे पुढे केले. आतल्या मुलीनं मान वर न करता पैसे घेतले, मनगटाला कागदी पट्टी बांधली आणि म्हणाली, “पुढचे.” इतकंच. व्हर्नेल जरा वेळ तिथंच उभी राहिली. मागच्या माणसाला “आजी, सरका ना” म्हणावं लागलं.

पायऱ्या उतरताना पाणी बर्फासारखं लागलं. चहूकडे पोरांचा नुसता कल्ला होता. काळी, गोरी, सावळी, सगळी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. कमरेइतक्या पाण्यात पोचल्यावर ती थांबली. पुढे जाववेना. तिची नजर काठाच्या शिड्यांकडे लागली होती. ती उतरल्यावर कोण बाहेर पडतंय, ते ती बघत होती. इतकी वर्षं झाली, तरी बघत होती.

काठावरची एक गोरी बाई ओरडली, “ओवेन! बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!”

व्हर्नेलच्या शेजारी खेळणारं लहानसं पोर शिडीकडे वळलं. व्हर्नेलचे हात पाण्यातच गारठले. पोर कुरकुरत वर चढलं. आईनं त्याला धरून पाठीला, कानांना, नाकाला उन्हाचं मलम खसाखसा चोळलं आणि “हं, जा आता” म्हणून सोडलं. त्यानं धावत येऊन पुन्हा व्हर्नेलच्या शेजारीच उडी ठोकली. तिच्या तोंडावर, केसांवर पाणी उडालं.

“सॉरी हं!” आई काठावरून म्हणाली.

“असू दे,” व्हर्नेल म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. कुणी बाहेर पडलं नव्हतं. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

केटुरा काठाकाठानं तिच्याजवळ आली, उकिडवी बसली. “आजी, ठीक आहेस ना? फार गार आहे का?”

व्हर्नेल खाली बघत होती. सोमवारच्या पाण्यात कमरेखालचं काही दिसत नसे. आता तळाच्या निळ्या फरश्यांवर तिची दोन्ही पावलं, वाकड्या झालेल्या बोटांसकट, स्वच्छ दिसत होती.

“माझे पाय दिसतायत गं मला,” ती म्हणाली, आणि तोंडावरचं पाणी पुसायच्या निमित्तानं तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.