ज्वारीचं पारणं

ज्वारी वाळायला तयार नव्हती.

बेंबळीच्या शिवारात, डांबरी रस्त्याला लागूनच गुंडाप्पांचा काळ्या रानाचा एक तुकडा आहे. त्या तुकड्यात अर्पिता सकाळच्या स्वच्छ उन्हात गळ्यात यंत्र अडकवून उभी होती आणि यंत्राच्या चिमट्यात एकामागून एक पान धरत होती. पानाला असंख्य बारीक तोंडं असतात. पाणी कमी पडलं की पान ती मिटून घेतं. त्यामुळे आतलं पाणी वाचतं, पण हवाही आत येत नाही, आणि उन्हातून अन्न तयार करण्याचं काम मंदावतं. ही तोंडं कोणत्या वाणात किती लवकर मिटतात आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर किती लवकर उघडतात, एवढाच तिच्या पीएचडीचा विषय होता. त्यासाठी चार पट्ट्यांना पाणी द्यायचं आणि चार पट्ट्यांना द्यायचं नाही. न देण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल, असं तिला पेरणीच्या वेळी वाटलं होतं.

पहिल्या वर्षी अवकाळी पावसाने सगळे पट्टे सारखेच भिजवले. दुसऱ्या वर्षी रानडुकरांनी कोरड्या-ओल्यात भेद न करता सगळे सारखेच खाल्ले. हा तिसरा हंगाम. फेलोशिप या वर्षी संपत होती. या रब्बीत कोरडे पट्टे कोरडे राहिले नाहीत तर तेरच्या मास्तरांची ही मुलगी पीएचडी न होताच घरी परतणार होती, आणि आत्याने शोधून ठेवलेली तीन स्थळं तिची वाट बघत होती.

आणि आज यंत्र सांगत होतं की कोरड्या पट्ट्यांतली ज्वारी ओल्यांइतकीच मजेत आहे.

तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. चिमट्याची गादी पुसली. मग स्वतःवर संशय घेऊन पट्ट्यांच्या पाट्या वाचल्या. शेवटी वैतागून तिने खाली पाहिलं. मागच्या आठवड्यात ज्या भेगांत तिची पेन्सिल पडून दिसेनाशी झाली होती, त्या भेगा बुजल्या होत्या. हे पाहायला यंत्र लागत नव्हतं.

बांधावर गुंडाप्पा तंबाखू मळत उभे होते.

"काका, कोरड्या पट्ट्यांना पाणी कुणी दिलं?"

"म्या," गुंडाप्पा खुशाल म्हणाले. "तुमी धाराशिवला गेल्ताव नव्हं का, तवा. म्हनलं, बाईला कशाला तरास."

"अहो, पण मी सांगितलं होतं ना, त्यांना ताण द्यायचाय म्हणून!"

"दिला की. चांगला झ्याक ताण बसला. मग तोडला."

"तोडला?"

"तोडावाच लागतो, बाई. माझ्या डाळिंबाला म्या दरसाली ताण देताव. पानं गळंस्तोवर पाणी बंद. मंग एक दिस असं धो धो सोडायचं की बाग फुलानं लाल. नुसता ताण दिऊन कुणी सोडून देतंय व्हय? त्याला ताण न्हाय म्हनत." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात सरकवली. "त्याला खून म्हनतेत."

अर्पिताला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. ताण हा शब्द तिनेच वापरला होता, आणि पुस्तकातल्या अर्थाने वापरला होता. गुंडाप्पांनी तो बागेतल्या अर्थाने ऐकला होता. दोघांचंही बरोबर होतं, फक्त ज्वारी ओली होती.

"हा ताण मी सांगेपर्यंत तोडायचा नाही," तिने बजावलं.

"तुमी म्हनल्याबिगर थेंब न्हाय. जबान दिली."

गुंडाप्पांनी जबान पाळली. त्यांनी त्या पट्ट्यांकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. तरीही आठवड्याने यंत्र तेच म्हणायला लागलं: ज्वारी मजेत.

दुसऱ्या दिवशी अर्पिता उजाडताच येऊन शेजारच्या तुरीत दबा धरून बसली. थोड्या वेळाने बांधावरून गजराबाई आल्या, गुंडाप्पांच्या मंडळी. डोक्यावर घागर, काखेत कळशी, हातात तांब्या. कोरड्या पट्ट्यात शिरून त्या ज्वारीच्या एकेका ताटाच्या बुडात तांब्या रिता करू लागल्या, पंगतीत वाढावं तसं, कुणी सुटू नये म्हणून मागेपुढे बघत.

"काकू!" अर्पिता तुरीतून उठली.

गजराबाई दचकल्याही नाहीत. "आलीस व्हय? ही कळशी धर. कंबर ऱ्हायली माझी."

"काकू, या पट्ट्यांना पाणी द्यायचं नाही."

"अगं, माना टाकल्यात लेकरांनी! बाजूचे ढेकर द्यायलेत आन ह्येंच्या तोंडाला थेंब न्हाय. त्याच पिशव्यांतलं बी ना? म्या पेरलंय न्हवं? आन ह्यो रस्त्याचा तुकडा. येणारंजाणारं इचारायलंय, गजराबाई, मोटार जळली का भावकीनं पाणी तोडलं? काय सांगू?"

अर्पिताने कळशी खाली ठेवून सगळं समजावलं. पानांची तोंडं, हवा, ऊन, वाण, सगळं. गजराबाईंनी मन लावून ऐकलं.

"म्हंजी तुला पानं वाळवून बघायचीत."

"हो!"

"मंग उपटून उन्हात टाक की. उभ्यानं कशाला छळतीस?"

त्या आठवड्यात अर्पिताला झोप लागली नाही. कुंपण घालावं तर शेत त्यांचंच. मोटारीला कुलूप लावावं तर घागरीला कुठलं लावायचं?

गुरुवारी ती गुंडाप्पांच्या घरी गेली ती हात जोडायच्या तयारीने. मार्गशीर्षातला गुरुवार होता. गजराबाई तो निर्जळी धरत. ओसरीवर त्या सूप घेऊन बसल्या होत्या आणि गुंडाप्पा हातात पेला घेऊन पुढे उभे होते.

"घोटभर घे गं. त्वांड सुकलंय."

"सरका तिकडं! उपासाच्या माणसाला पाणी पाजताव? माझ्या पुण्याचं वाटोळं, आन तुमाला पाप लागंल ते येगळंच!"

गुंडाप्पा पेला घेऊन तीन पावलं मागे सरले. अर्पिताने ती पावलं पाहिली. जे साधायचा तिने यंत्र, पाटी आणि विनवणी वापरून प्रयत्न केला होता, ते इथे एका वाक्यात झालं होतं.

"काकू," ती उंबऱ्याशी बसत म्हणाली, "रस्त्याकडंचे ते चार पट्टे हायत ना. ते बी उपासाला बसलेत."

सूप थांबलं.

"निर्जळी?"

"निर्जळी."

अर्पिता खोटं बोलत नसे, त्यामुळे तिने मनातल्या मनात लगेच तपासून पाहिलं. ठरावीक काळ अन्नपाणी बंद: बरोबर. काही एका हेतूने: बरोबर. स्वेच्छेने: इथे जरा अडचण होती.

"आधी का न्हाय सांगितलंस, गं बया!" गजराबाईंनी दोन्ही हात कानाला लावले. "म्या कळशीनं पाजलं की त्येंला!"

त्या दिवसापासून चार पट्ट्यांना राखण मिळाली. गजराबाई दिवसातून दोनदा चक्कर मारत. पाण्याच्या दंडातून चार बोटं ओल पाझरली तर मातीचा बांध घालत. रस्त्याने कुणी विचारलंच, तर ताठ मानेने सांगत, "उपासाला बसलीय. मास्तराच्या पोरीनं बसवलीय." ओल्या पट्ट्यांशी मात्र त्यांनी बोलणं सोडलं. त्यांच्याजवळून जाताना त्या पदर सावरून घेत आणि पुटपुटत, "खादाडं."

मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस आली. रानात कडब्याची कोप झाली, पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी झाली, आंबिलाचं मातीचं बिंदगं आलं. गुंडाप्पा रिवाजाप्रमाणे आरोळी देत शेताभोवती आंबिल शिंपडत निघाले आणि रस्त्याच्या कडेला पोचताच मागून दुसरी आरोळी आली.

"थांबा! तिकडं न्हाय! आंबिल चालत न्हाय उपासाला!"

"अगं, देवाचं हाय!"

"ताकाचं हाय!"

गुंडाप्पा चार पट्ट्यांना वळसा घालून गेले. अर्पिता कोपीत बसून चौथी भाकरी खात होती, आणि इतकी आनंदात होती की पाचवीही घेतली.

आकडे आता उतरू लागले होते. सकाळी पानं सरळ असत, दुपारी सुरळी होत. आधी एका वाणाने तोंडं मिटली, मग दुसऱ्याने. दगडी ज्वारी या गावठी वाणाने सगळ्यांत शेवटी. आलेखाची रेषा अशी सुंदर खाली येत होती की अर्पिता ती रोज बघायची आणि मग पट्ट्यात जाऊन त्या सुरळ्यांकडे बघून तिला उगीच अपराधी वाटायचं.

मग पाणी सोडायचा दिवस आला. तिचे मार्गदर्शक शांतलिंग सर मुद्दाम गाडी काढून आले. दिवस आजचाच होता, कारण उद्यापासून ढग सांगितले होते, आणि ढगात उन्हाचं माप घेता येत नाही. सकाळीच पाणी मिळालं तर दुपार कलेपर्यंत पानं उघडण्याची सुरुवात मोजता येणार होती. आजचा दिवस गेला तर निम्मा प्रबंध गेला.

"काका, तोडा ताण!" अर्पिता म्हणाली.

गुंडाप्पा फावडं घेऊन दंडाकडे निघाले. दंडावर गजराबाई उभ्या होत्या.

"आज बुधवार हाय," त्या म्हणाल्या. "बिस्तरवारचा उपास बुधवारी सुटतो व्हय कुठं?"

"काकू, उद्या ढग येणारेत!"

"उपासाला ढगाचं काय?"

शांतलिंग सर मितभाषी होते. "उपास?" त्यांनी विचारलं.

"सर, नंतर सांगते," अर्पिता म्हणाली. सूर्य वर चढत होता. तिला रडू येत होतं आणि ते तिने दाबलं. युक्तिवाद करायचा तर आता इथल्याच नियमाने करायला हवा होता. "काकू, ह्येंचा उपास गुरुवारचा न्हायच. आमोश्याचा. येळवशीला आंबिल नाकारलं ना ह्येंनी? तवाच पुरा झाला. आता लांबवला तर उलट पाप."

गजराबाईंनी विचार केला. शास्त्रात तथ्य दिसत होतं.

"मंग पारणं नीट करायचं. नुसतं फावडं मारून न्हाय. पाच सवाष्णी पायजेत."

शेजारच्या रानात तूर काढायला बायका आल्या होत्या. अर्पिता तुरीतून धावत गेली आणि चार जणींना धावतच घेऊन आली. त्यांच्यातली इरम्मा हातात विळा घेऊनच आली.

"पाचवी?" अर्पिताने विचारलं.

"म्या हाय की. तू न्हाय चालत, तुझं लगीन न्हाय." गजराबाईंनी वळून पाहिलं. "सर, तुमी रिकामेच हायत. ताट धरा."

विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी हळदीकुंकवाचं ताट धरलं. प्रत्येक पट्ट्यातल्या ज्वारीच्या पहिल्या ताटाला कुंकू लागलं. एकाला लागताना अर्पिता ओरडली, "त्या पानाला नको, ते मोजायचंय!" त्याला खोडावर लागलं. मग गुळाचा खडा मातीत ठेवला गेला आणि गजराबाईंनी मान डोलावली. गुंडाप्पांनी एका घावात दंड फोडला.

पाणी भेगांत शिरताना आवाज येतो. सगळे तो ऐकत उभे राहिले.

त्यानंतर अर्पिता यंत्र घेऊन पट्ट्यांत शिरली. तासातासाने चिमटा लावत गेली. दुपारपर्यंत काहीच हललं नाही. मग दगडी ज्वारीच्या सुरळ्या सैल पडल्या, आणि पडद्यावरचा आकडा वर सरकला. पुन्हा लावला, पुन्हा वर. शेजारचा वाण अजून तोंड मिटून होता.

सरांनी पडद्यात डोकं घातलं. "हं," ते म्हणाले. ते चांगल्या निकालालाच 'हं' म्हणत.

"तुटला का वो ताण, बाई?" गुंडाप्पांनी बांधावरून विचारलं.

अर्पिता दिवसभरात पहिल्यांदाच खाली मातीत बसली. "तुटला, काका."

गजराबाई मात्र ओल्या पट्ट्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "फुडच्या साली," त्या बोट रोखून म्हणाल्या, "ह्या खादाडांस्नी बसवायचं."

शांतलिंग सरांनी ताट खाली ठेवलं. "बरोबर आहे," ते अर्पिताला म्हणाले. "पट्ट्यांची अदलाबदल करून पुन्हा करायलाच हवं. फेलोशिपचं मी बघतो."